परराज्यातील दावा आणि दुसऱ्या वकिलाची सही

प्रश्न : आमची दोन सभासदांची एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) अमेरिकेतील डेलावेअर राज्यात नोंदलेली आहे, मात्र सगळे कामकाज न्यू जर्सीत चालते. दुरावलेल्या सहसभासदाने कंपनीच्या हिशेबवह्या पाहायला मिळाव्यात म्हणून कंपनीविरुद्ध डेलावेअरच्या चॅन्सरी कोर्टात (कंपन्यांचे वाद चालवणाऱ्या तेथील कोर्टात) दावा लावला असून समन्स हाती पडून आठ दिवस झाले आहेत. दहा वर्षे आमचे काम पाहणाऱ्या न्यू जर्सीच्या वकीलबाई म्हणतात की, डेलावेअरचा आणखी एक वकील नेमावाच लागेल. केवळ सहीसाठी दुसरी फी का द्यावी? कंपनीतर्फे मी स्वतःच उभा राहिलो तर चालेल का?

उत्तर : शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो. आपण स्वतःच्या वैयक्तिक दाव्यात वकिलाशिवाय उभे राहू शकता. परंतु एलएलसी ही कायद्याच्या दृष्टीने आपल्याहून वेगळी व्यक्ती असल्याने तिच्या वतीने कोर्टात वकिलालाच बोलता येते, मग मालकी पूर्णपणे आपलीच का असेना.

आपल्या वकीलबाईंचे म्हणणेही बरोबर आहे. अमेरिकेत वकिलीची सनद प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते, आणि न्यू जर्सीची सनद डेलावेअरच्या कोर्टात आपोआप चालत नाही. बाहेरच्या वकिलाला तेथे ‘प्रो हाक व्हीचे’, म्हणजे त्या एका प्रकरणापुरती, परवानगी घ्यावी लागते आणि तिच्यासाठीचा अर्ज डेलावेअरच्या वकिलानेच करावा लागतो. ही परवानगी हक्क म्हणून मागता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये लीस विरुद्ध फ्लिंट या प्रकरणात स्पष्ट केले आहे. परवानगीशिवाय काम करणाऱ्याची फीही बुडू शकते : कॅलिफोर्नियाची सनद नसताना तेथे काम करणाऱ्या न्यू यॉर्कच्या एका फर्मला, तिने कॅलिफोर्नियात केलेल्या कामाची फी देण्यास त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये नकार दिला होता.

आता ‘केवळ सहीसाठी’ या शब्दांविषयी, कारण आपली खरी गफलत तेथे आहे. काही कोर्टांत स्थानिक वकील पत्त्यापुरता असतो हे खरे; पण केवळ कारकुनी कामापुरत्या स्थानिक वकिलाच्या कल्पनेला या कोर्टात जागा नाही, असे चॅन्सरी कोर्टाने 2009 मधील एका निर्णयात बजावले आहे. तेथे दाखल होणाऱ्या प्रत्येक कागदाची जबाबदारी डेलावेअरच्या वकिलावर असते, त्यामुळे मसुदा कोणीही लिहिला असला तरी तो त्याला वाचावा लागतो, तपासावा लागतो आणि न पटल्यास सही नाकारावी लागते. बाहेरच्या वकिलाला परवानगी मिळाली म्हणून डेलावेअरच्या वकिलाची सुटका होत नाही. म्हणजेच आपण ज्याला शिक्का समजत आहात तो पूर्ण जबाबदारी घेणारा वकील आहे, आणि त्याची फीही त्याच हिशेबाने लागणार.

म्हणून माझे मत थोडे वेगळे आहे. हा दावा लहान आहे, त्यात ज्यूरी नसते, आणि हिशेब-तपासणीचे दावे तेथे संक्षिप्त पद्धतीने, झपाट्याने चालतात. अशा वेळी वकीलबाईंना मुख्य आणि स्थानिक वकिलाला दुय्यम ठेवण्याऐवजी डेलावेअरच्या वकिलालाच मुख्य नेमावे आणि कंपनीचा दहा वर्षांचा इतिहास जाणणाऱ्या वकीलबाईंना कागदपत्रे व सल्ल्यापुरते सोबत ठेवावे. त्यांना हे रुचेल की नाही, ते आपणच जाणता. परंतु प्रत्येक सुनावणीला दोघांचे तास मोजण्यापेक्षा हे स्वस्त पडेल. पुढे सहसभासदाने कंपनी विसर्जित करण्याचा किंवा नुकसानभरपाईचा मोठा दावा लावला, तर ही मांडणी पुन्हा तपासता येईल.

नेमणूक कोणाच्या नावे होते, याकडेही लक्ष द्यावे. वकीलबाईंनी माणूस सुचवला तरी त्याच्याशी करारपत्र कंपनीचे असावे, म्हणजे त्याचे कर्तव्य थेट आपल्याशी राहील आणि बिलही आपल्याकडे येईल. मसुदे कोण लिहिणार, सुनावणीला कोण जाणार, तारखा कोण सांभाळणार आणि तडजोडीचा प्रस्ताव आल्यास आपल्याला कोण कळवणार, हे त्यात लिहून घ्यावे. तारखांचा मुद्दा मी मुद्दाम काढतो आहे. लिंक विरुद्ध वाबॅश रेलरोड या 1962 च्या प्रकरणात वकील खटलापूर्व बैठकीला हजर राहिला नाही म्हणून दावाच फेटाळला गेला. आपणच निवडलेल्या वकिलाच्या चुकीचे परिणाम पक्षकाराला भोगावे लागतात, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. दोन वकील असले की ‘मला वाटले, दुसरा पाहील’ हा धोका दुप्पट होतो.

चॅन्सरी कोर्टात उत्तर देण्याची नेहमीची मुदत समन्स बजावल्यापासून 20 दिवसांची आहे, आणि दावा तातडीने चालवण्याचे ठरल्यास कोर्ट ती कमीही करू शकते. आपण पत्र लिहिले तेव्हाच आठ दिवस उलटले होते. मुदतवाढीच्या साध्या अर्जावरही डेलावेअरच्या वकिलाचीच सही लागते, त्यामुळे वकील सापडल्यावर मुदतवाढ मागू हा विचार येथे उपयोगाचा नाही. तेथील वकीलवर्ग लहान आहे. सहसभासदाने ज्या फर्मकडे आधी विचारणा केली असेल, ती हितसंबंधांच्या कारणाने आपल्याला नकार देऊ शकते. तेव्हा आजच दोन-तीन फर्मना फोन करावेत, पहिल्या बोलण्यात फक्त पक्षकारांची नावे आणि दाव्याचे स्वरूप सांगावे, आणि अडचण नसल्याचा निर्वाळा मिळेपर्यंत हिशेबाचे कागद वा सहसभासदाशी झालेला पत्रव्यवहार पाठवू नये.