आयसीयूमध्ये पेशंटला नळीतूनच फीड देतात, मग तिथे डाएटिशियनचं काम काय असतं?

काम भरपूर असतं, नातेवाइकांना दिसत नाही एवढंच. पेशंट जरा स्थिरावला की 24 ते 48 तासांत नाकातल्या नळीने फीड सुरू करायचं असतं. कुठलं आणि ताशी किती मिली, हे डाएटिशियन डॉक्टरांशी बोलून ठरवते. ढोबळ हिशेब म्हणजे किलो वजनामागे रोज 25 किलोकॅलरी आणि निदान 1.2 ग्रॅम प्रोटीन. तेही हळूहळू चढवत, पहिल्याच दिवशी नाही.

खरी मेख पुढे आहे. झोपवून ठेवायला प्रोपोफॉल चालू असेल तर ते तेलातलं औषध, मिलीमागे 1.1 किलोकॅलरी. ताशी 10 मिलीने दिवसाला 264 किलोकॅलरी आपसूक शरीरात जातात. त्या फीडच्या हिशेबातून वजा करायच्या, पण प्रोटीन कमी पडू द्यायचं नाही. बरेच दिवस उपाशी असलेल्या किंवा दारू पिणाऱ्या पेशंटला एकदम भरपूर दिलं, तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम कोसळून हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून रोजचे रिपोर्ट बघणं आलंच.

आणि हो, घरून पेज आणून 'नळीतून घाला' असा हट्ट धरू नका. नळी तुंबते, संसर्गाची भीती वेगळीच. त्यापेक्षा पेशंटचं नेहमीचं वजन आणि गेल्या महिन्यात खाणं कितपत होतं, हे डाएटिशियनला सांगा.