आधी लॅपटॉप परत करा

प्रश्न : मुलगी फर्मागुडीला इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या सिग्नलला वीज कमी कशी लागेल, यावर प्रोजेक्ट करते, पुढे एम.टेक. म्हणते. रेंज नसेल तर टॉवर वाढवावा, त्यात शिकायचं काय? सरकारी नोकरीच्या तयारीला लागावं म्हणून चवथीला घरी आली तेव्हा लॅपटॉप काढून घेतला. योग्य केलं ना?
– एक पालक, वाळपई

उत्तर : नाही. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीच्या हातातलं काम हिसकावणं म्हणजे काळजी नव्हे, धाक. तुमच्या लांबलचक पत्रात तिचे गुण आहेत, शेजारच्या मुलाचा पगार आहे. तिचं म्हणणं अर्ध्या ओळीत उरकलंय. ‘ती उलट बोलत नाही’ हे तुम्ही कौतुकानं लिहिलंत. मला धास्ती वाटली ती त्याचीच.

आता टॉवरचं. डोंगराकडे गेलात की समोरच्याचं तुम्हाला ऐकू येतं आणि तुमचं त्याला तुटक जातं, असं होतं ना? टॉवरकडे कित्येक वॅट असतात, फोनकडे साधारण ०.२. त्यात ओएफडीएम पद्धतीत, म्हणजे माहिती अनेक लहरींत वाटून पाठवताना, शेकडो लहरी एकदम निघतात. त्या जुळून आल्या की क्षणभर मोठं शिखर उठतं. ते कापलं गेलं तर सिग्नल बिघडतो, म्हणून फोनमधला अॅम्प्लिफायर, म्हणजे सिग्नलला जोर देणारा भाग, एरवी दबकतच चालवावा लागतो आणि बॅटरी उष्णतेत जाते. म्हणूनच २००८च्या ४जी मानकात फोनच्या बाजूला वेगळी रचना आली : माहितीवर आधी फूरिए रूपांतर, म्हणजे तिचा प्रत्येक तुकडा सगळ्या लहरींत पसरवणारं गणित, मग ती लहरींवर. शिखरं बुटकी होतात. ५जीत फोनला दोन्ही रचना आहेत. टॉवरपासून लांब असताना ही बुटक्या शिखरांची रचना कामाला येते. टॉवर जवळ आला तर फरक पडेलच, पण म्हादईच्या रानात टेकडी-टेकडीवर तो उभारणार कोण?

गेट या प्रवेश परीक्षेतून एम.टेक.ला गेली तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं; कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा पदवीनंतरही देता येते.

या विषयातल्या नोकऱ्या गोव्यात थोड्याच, बंगळूर-हैदराबाद गाठावं लागेल. खरी भीती तीच असेल तर टॉवरच्या आड लपू नका, तिला सरळ सांगा. गणित तिला किती झेपतं, हेही मला तिच्याकडूनच ऐकायचंय. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी तुम्ही ते वाचू नका.