उन्हाळ्यात पोहण्याच्या टँकमध्ये धावलं तर रस्त्यावरच्या धावण्याची भरपाई होते का?

मे महिन्यात नागपुरात सकाळी सातलाच ऊन चटके देतं, तर तेवढे दिवस टँकमध्ये धावून भागेल का, असं तुम्ही विचारलंय. दमापुरतं भागेल. ‘पाण्यातलं धावणं म्हणजे गुडघेदुखीवाल्यांचे चोचले’ म्हणणाऱ्यांशी माझा वाद जुना आहे. त्यांना खोल पाण्यात, पाय तळाला न टेकता, सलग एक मिनिट जोर लावायला सांगा ना भाऊ, मग बोलू.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. पायाचा वेग दुप्पट केला की अडथळा चौपट होतो. म्हणून नुसते पाय हलवणाऱ्याला काहीच मिळत नाही, आणि टँकमध्ये बहुतेक जण तेच करतात: सायकलचं पॅडल मारल्यासारखे पाय फिरवायचे, हाताच्या ओंजळीने पाणी मागे ओढायचं आणि पुढे ओणवं व्हायचं. ते धड पोहणं नाही, धड धावणं नाही. फ्लोटिंग बेल्ट (पाण्यात तरंगत ठेवणारा पट्टा) बरगड्यांच्या खाली आवळून बांधा, सैल राहिला तर काखेत चढतो. पाठ सरळ, मुठी हलक्या मिटलेल्या. गुडघा वर आला की पाय खाली-मागे रेटायचा, टाच ढुंगणाकडे उडवायची नाही.

एका लयीत अर्धा तास काढू नका. १० मिनिटं हलकं, मग १ मिनिट जोरात आणि ३० सेकंद सावकाश, असे १० ते १५ फेरे. घड्याळात दिसणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांवर जाऊ नका. पाण्याच्या दाबाने रक्त हृदयाकडे जास्त परततं, त्यामुळे तेवढ्याच मेहनतीला ठोके मिनिटाला साधारण १० ते १५ कमी दिसतात. मेहनत किती होतेय, ते बोलता येतंय का यावरून बघा. पाण्यातही घाम जातो, बाटली काठावर ठेवा.

आता मैदानवाल्यांचं जेवढं खरं आहे तेवढं. आपल्या सिमेंट रस्त्यावर दर पावलाला वजनाच्या दोन-तीन पट मार बसतो. नडगी त्यानेच दुखते, पण हाडं आणि पोटऱ्याही त्यानेच तयार होतात. खोल पाण्यात तो मार शून्य. म्हणून आठवड्यातून दोनदा, उजाडायच्या आत, २० मिनिटं मातीवर धावाच. नाहीतर जूनमध्ये दम भरपूर असेल आणि पोटऱ्या पहिल्याच आठवड्यात धरतील.

आणि हो, बेल्ट म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. पोहता येत नसेल तर छातीभर पाण्यातच धावा, तिथेही पायावर वजन साधारण एक-तृतीयांशच येतं. हृदयाचा त्रास किंवा फिट येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. फुटाळा-अंबाझरी तलावांत उतरून हे प्रयोग करायचे नाहीत.