सेलिंग क्लबचे मेंबर वयाच्या एकेका टप्प्यावर गळत जातात, त्यांना टिकवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या छोट्या क्लबमध्ये लहान मुलं भरपूर आहेत, साठीपुढचे चारपाच जण कायम दिसतात, पण मधली सगळी फळीच गायब आहे आणि वर्गणीचा मेसेज टाकला की ब्लू टिक येते, उत्तर येत नाही. मी आमच्या क्लबची मेंबरशिप सहा वर्षं बघितली, आणि त्याच्या आधी नऊ वर्षं मी स्वतःच असा ब्लू टिकवाला होतो, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार माहितीये.

पहिली गोष्ट म्हणजे लोक क्लब सोडत नाहीत, यायचं राहून जातं. मी एकदा जुनं रजिस्टर घेऊन बसलो आणि जो जो यायचा बंद झाला त्याच्या नावापुढे तेव्हा त्याच्या घरात काय चालू होतं ते आठवेल तसं लिहिलं. दहावी-बारावी, नवी नोकरी, पहिलं मूल, गुडघा. फिरून फिरून हेच. क्लब आवडेनासा झाला म्हणून गेलेला माणूस शोधूनही सापडेना. आणि आम्ही मात्र कमिटीत बसून चहाची सोय आणि बाथरूम यावरच चर्चा करत होतो.

पोरांचं आधी सांगतो. ऑप्टिमिस्ट ही लहान पोरांची शिडाची बोट, 2.3 मीटरची, 35 किलोची डबी, 15व्या वर्षापर्यंतच चालते, आणि तोवर पोरं घोळक्याने शिकत असतात. मग एक दिवस त्याला सांगतात की तू आता मोठा झालास, ही घे लेझर (आता तिला आयएलसीए म्हणतात). जवळपास 59 किलोचा हल (म्हणजे बोटीचं नुसतं अंग), एकट्याने चालवायची, पोरगं काडीसारखं, एका दुपारी चार वेळा उलटतं, सोबतचे मित्र कुठेच नाहीत, वर परीक्षा तोंडावर. कोण येईल परत? यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे शेवटच्या वर्षी ऑप्टिमिस्टमध्ये असतानाच मधूनमधून 420सारख्या दोघांच्या बोटीत बसवायचं, म्हणजे बदल एका दिवसात अंगावर येत नाही आणि जोडीदारही मिळतो. दुसरं, ज्याला आयएलसीएच हवी त्याला सगळ्यात छोटं 4.7 चौरस मीटरचं शीड द्यायचं, हल तोच, फक्त डोलकाठीचा खालचा भाग आणि शीड बदलतं, वजन वाढलं की पुढचं शीड. पण खरं सांगू का, सगळ्यात जास्त उपयोग झाला तो शेडमागे कुणीतरी आणून टाकलेल्या जुन्या सोफ्याचा. त्या वयात पोरं वाऱ्यासाठी येत नाहीत, एकमेकांसाठी येतात, त्यांना मोठ्यांच्या नजरेआड बसायला जागा लागते.

आता मधली फळी. घरात लहान मूल असलेल्या माणसाचं गणित साधं आहे, पाऊण तासाच्या रेससाठी जाणं, बोट जोडणं, पाण्यात टाकणं, परत काढणं, धुणं, सोडवणं, घरी येणं असे पाच तास जातात आणि ते पाच तास दुसरं कुणीतरी मूल सांभाळत असतं. म्हणून क्लबच्या दोन बोटी शीड चढवून तयार ठेवा, आल्या आल्या बसता आलं पाहिजे. आठवड्यात एक संध्याकाळची छोटी रेस ठेवा. आणि दोन छोट्या रेस पाठोपाठ घ्या, पहिलीत आई, दुसरीत बाबा, मूल किनाऱ्यावर दुसऱ्याकडे. बोटी वेगवेगळ्या असल्या तरी अडत नाही, पोर्ट्समथ यार्डस्टिक या वेगवेगळ्या बोटींची बरोबरी करायच्या पद्धतीत प्रत्येक प्रकारच्या बोटीला नंबर असतो, लागलेल्या वेळाला 1000ने गुणून त्या नंबरने भागायचं, त्यामुळे पोराला पुढ्यात बसवून जुन्या संथ बोटीत आलेला बापही निकालात कुठेतरी वर दिसू शकतो.

मी परत कसा आलो ते सांगतो. यायचं बंद झाल्याच्या नवव्या वर्षी क्लबमधल्या एका काकांचा फोन आला. का येत नाहीस वगैरे काही नाही, सरळ म्हणाले, रविवारी झेंडे उचलायला माणूस नाहीये, दोन तास ये, पोरीला घेऊन ये. गेलो. स्टार्ट बोटीवर उभा राहिलो, रेस सुटायला पाच मिनिटं असताना क्लासचा, म्हणजे त्या प्रकारच्या बोटींचा झेंडा वर, चार मिनिटांना निळ्यात पांढरा चौकोन असलेला पी झेंडा वर, एक मिनिट राहिलं की पी खाली, शून्याला क्लासचा खाली. एवढंच काम. तर एका मिनिटाला पी खाली येईना, दोरी कप्पीत अडकली, मी खेचतोय, काका मोठ्याने सेकंद मोजतायत, समोर सगळ्या बोटी लाइनवर शिडं फडफडवत उभ्या, आणि सहा वर्षांची माझी लेक पेन्सिल घेऊन शिडांवरचे नंबर लिहितेय, सगळे 7 उलटे. रेस निघाली कशीबशी. दुसऱ्या फेरीला माझ्या लक्षात आलं की मी झेंडे सोडून पाण्यावरचे काळपट पट्टे बघत बसलोय, वारा उजवीकडून सरकतोय आणि पुढच्या दोघांना तो दिसत नाहीये आणि मला इथून ओरडता येत नाहीये. पुढच्या रविवारी मी बोट मागितली.

त्या नऊ वर्षांत माझी स्वतःची बोट ताडपत्रीखाली होती. पालापाचोळा, साचलेलं पाणी, मेनशीट (मुख्य शीड आवरायची दोरी) उंदरांनी कुरतडलेली. याबद्दल कुणी बोलत नाही पण माणूस कायमचा तुटतो तो बहुतेक या पडलेल्या बोटीमुळे, कारण क्लबमध्ये पाऊल टाकलं की आधी तीच दिसते आणि लाज वाटते. आम्ही नंतर नियम केला, वर्षभर येणार नसाल तर बोट क्लबला वापरायला द्या, डागडुजी क्लब करेल, आणि मेंबरशिप थोड्याशा रकमेवर थांबवून ठेवता येईल, परत आल्यावर प्रवेश फी नाही. परत आलेल्याबरोबर पहिल्या दिवशी एक माणूस बोटीत बसवा, बोलाइनची गाठ विसरलेला माणूस विचारायला जात नाही, पार्किंगमधूनच परत जातो.

वयस्कांच्या बाबतीत आम्ही घोडचूक केली. एका 71 वर्षांच्या गृहस्थांचे गुडघे गेले, लेझरमध्ये बाहेर झुकून बसणं शक्यच नव्हतं, तर आम्ही मोठ्या मानाने त्यांना खजिनदार केलं. वर्षभराने म्हणाले, मला बोटीत बसायचंय रे, हिशोबात नाही. मग हान्सा नावाच्या बोटीची माहिती काढली, त्यात खाली सीटवर बसून जॉयस्टिकने सुकाणू फिरवायचं, जागा बदलायची नाही, बूम (शिडाखालचा आडवा दांडा) डोक्यावर येत नाही. 2.4 एमआर या एकट्याच्या बोटीतही तोंड पुढे करून बसायचं असतं. तेही नको असेल तर रिमोटच्या एक मीटरच्या बोटी आहेत, किनाऱ्यावरून चालवायच्या, भांडणं मात्र मोठ्या बोटींपेक्षा जास्त होतात हे आधीच सांगतो. आणि गुडघे ठणठणीत असतील तर लेझरच्या मास्टर्स, म्हणजे मोठ्या वयाच्यांच्या स्पर्धांमध्ये 75च्या पुढे लेजंड नावाचा गटच आहे. अर्जेंटिनाच्या सँटियागो लांगेचं उदाहरण लोक देतात, 2016ला रिओत 54व्या वर्षी, फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर, सेसिलिया कारान्सासोबत नाक्रा 17 या दोघांच्या बोटीत गोल्ड, त्याच ऑलिंपिकमध्ये त्याचे दोन मुलगेही सेलिंगला. भारीच आहे, पण पोस्टर लावून गुडघेदुखीवाला येत नाही, त्याला चढता येईल अशी जेट्टी लागते.

तुम्ही या आठवड्यात एवढंच करा, पाच नावं काढा, मेसेज नको, फोन करा, का येत नाही हे विचारू नका, एक ठरावीक काम, वार आणि वेळ सांगा. आणि फोनच्या आधी त्या माणसाची बोट ताडपत्री उचलून बघून घ्या, कारण त्याचा पहिला प्रश्न तोच असतो.