भुताटकीचे संथ सिनेमे पहिल्यांदा बघतोयस?
अरे, 'काहीच घडत नाहीये' म्हणून वीस मिनिटांत बंद करू नकोस, सुरुवातीला सगळे हीच चूक करतात (मीपण केली). १९६३ चा 'द हॉन्टिंग' आधी बघ, त्यात भूत एकदाही दिसत नाही, नुसतं बंद दार आतल्या बाजूला फुगायला लागतं आणि तेवढ्यानेच घाम फुटतो बघ. मग १९६१ चा 'द इनोसन्ट्स', तळ्यापलीकडे लव्हाळ्यात एक बाई उभी, तीही दिवसाढवळ्या!

- मोबाइल लांब, हेडफोन कानात. अर्धी भीती आवाजातच असते.
- भूत खरंच आहे की नायिकेच्या डोक्यात, याचा निकाल घाईने लावू नकोस, खरी मजा त्या गोंधळातच आहे.
- शेवट आधी वाचायचा नाही, 'द अदर्स'चा (२००१) तर अजिबातच नाही.

जपानी वगैरे नंतर सांगतो.