'एवढंही आणलं नाहीस?'

"मे महिन्यात मुलांना इमॅजिकाला न्यायचं ठरलंय. दोन रात्रींचाच प्रश्न आहे, पण बॅग भरायच्या विचारानं आठवडाभर आधीपासून झोप उडते. भरलेली बॅग उघडते, परत लावते, परत उघडते. नवरा म्हणतो, दोन दिवसांना कशाला एवढं? आणि तिथं पोचल्यावर तोच विचारतो, याची टोपी कुठंय, आईच्या गोळ्या कुठं आहेत? माझंच काही चुकतंय का?"

समुपदेशनासाठी आलेल्या, साताऱ्याकडच्या ३८ वर्षांच्या एका नोकरदार बाईंचा हा प्रश्न. घरात नवरा, १० वर्षांचा मुलगा, ४ वर्षांची मुलगी आणि ६७ वर्षांच्या सासूबाई, ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) परीक्षा संपत आल्या की हाच प्रश्न वेगवेगळ्या घरांतून येतो. कुठे थीम पार्क दुसरं असतं, कुठे सासूबाईंच्या जागी आजोबा असतात.

पहिल्या भेटीला त्यांना सामानाची यादी घेऊन बोलावलं. मोबाइलमध्ये ११४ नोंदी निघाल्या. सुईदोरा, तीन टॉर्च, नेलकटर, कपडे वाळत घालायची दोरी. एकही वस्तू खोडायला सांगितली नाही. यादी कापून देणारे घरात आधीच होते, त्याचा उपयोग झाला नव्हता. सांगितलं ते इतकंच, की प्रत्येक वस्तूपुढे 'ही नसली तर काय होईल' ते लिहून आणा.

पुढच्या भेटीला आलेल्या उत्तरांत ऊन लागेल, भूक लागेल, पाय दुखतील हे होतंच. पण ४७ वस्तूंपुढे या ना त्या शब्दांत एकच गोष्ट लिहिली होती: 'बोलतील.' सुईदोऱ्यापुढे सासूबाई, टॉर्चपुढे नवरा, जादा मोज्यांपुढे 'माझं मलाच वाटेल'. म्हणजे जवळजवळ अर्धी बॅग थीम पार्कसाठी भरलेलीच नव्हती. 'एवढंही आणलं नाहीस?' हे वाक्य ऐकावं लागू नये म्हणून भरली होती. या भीतीला वजनाची मर्यादा नसते, म्हणून 'कमी सामान घ्या' हा सल्ला इथं चालत नाही. सामान कमी केलं की बोलणी खाण्याची शक्यता वाढते आणि रात्री दोन वाजता ती बाई उठून काढलेली वस्तू परत आत टाकते.

या भीतीला मागचा एक प्रसंग होता. दोन वर्षांपूर्वी एका वॉटर पार्कला जाताना घाटात मुलीला उलटी झाली आणि कपडे बदलता आले नाहीत. तेव्हापासून मुलीचे कपडे दोन जोडांवरून सात जोडांवर गेले. खोदून विचारल्यावर कळलं, की त्या दिवशी कपडे होते. डिकीत, सगळ्यांत खालच्या बॅगेत. आणि गाडी एक्स्प्रेसवेवर होती, तिथं सामान काढायला कडेला थांबता येत नाही. चूक जागेची होती, उपाय मात्र संख्येवर झाला. सात जोड डिकीत असते तरी त्या दिवशी तेच झालं असतं.

तिसऱ्या भेटीला नवऱ्याला आणि सासूबाईंनाही बोलावलं. हे महत्त्वाचं. बॅग एकटीची असेल तर समुपदेशनही एकटीचंच होतं, आणि मग 'तू कमी टेन्शन घे' यापलीकडे ते जात नाही.

आधी सामानाच्या जागा ठरवल्या. थीम पार्कच्या दिवशी सामान तीन ठिकाणी असतं: गाडीत किंवा हॉटेलवर, आतल्या लॉकरमध्ये आणि अंगावर. बहुतेक घरं सगळं एका सॅकमध्ये कोंबतात. ही सॅक राइडवर नेता येत नाही, म्हणून दर राइडला कुणीतरी ती सांभाळत खाली उभं राहतं. दुपारी तीनच्या सुमाराला भांडण होतं ते त्या सॅकवरून. या घरात ही राखण सासूबाईंकडे आपोआप गेली होती. त्या भेटीत त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं, "मला शो बघायचेत. मी पिशव्यांची राखण करायला येत नाही." सुनेला हे माहीतच नव्हतं. तिला वाटायचं, त्यांना बसून राहायलाच आवडतं.

अंगावर ठेवायचं ते फक्त एका कमरेच्या पाऊचमध्ये मावेल एवढं: मोबाइल, थोडे पैसे, लॉकरची किल्ली. सासूबाईंच्या साखरेची सोय त्यांच्याच पर्समध्ये. मोठ्या राइडला दोघा मोठ्यांनी आळीपाळीनं बसायचं आणि खाली थांबणाऱ्याकडे पाऊच. लॉकरमध्ये टॉवेल, बदलायचे कपडे, सनस्क्रीन, ओल्या कपड्यांसाठी दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या. बाकी सगळं हॉटेलवर. पाण्यात मोबाइल न्यायचाच असेल तर त्यासाठीच्या वॉटरप्रूफ पाऊचमध्ये आधी कोरा कागद घालून बादलीत दहा मिनिटं बुडवून बघायचा. कागद ओला झाला तर तो पाऊच फक्त शोभेचा.

घाटासाठी वेगळी पिशवी, आणि ती मुलीच्या समोरच्या सीटच्या मागच्या खिशात: चार प्लास्टिकच्या पिशव्या, एक नॅपकिन, अर्धा लिटर पाणी, कपड्यांचा एकच जोड. प्रवासातल्या उलटीचं औषध बालरोगतज्ज्ञांकडून वजनाप्रमाणे विचारून घ्यायचं आणि निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास द्यायचं. मळमळ सुरू झाल्यावर दिलेलं औषध बऱ्याचदा उलटीबरोबरच बाहेर येतं. जातानाचा डोस सगळ्यांना आठवतो, परतीचा कुणालाच नाही, म्हणून तोही याच पिशवीत. दूध पाजून लगेच गाडीत बसवायचं नाही आणि घाटात हातात मोबाइल द्यायचा नाही.

मग कपडे. इमॅजिकाचं थीम पार्क आणि वॉटर पार्क शेजारी असले तरी दोन वेगळे दिवस धरलेले बरे, कारण दोन्हींचे कपडे वेगळे. वॉटर पार्कांत साधारणपणे नायलॉन किंवा लायक्राचेच पोशाख चालतात. सुती कपडा पाणी पिऊन जड होतो, त्याचे धागे गाळणीत अडकतात, आणि चेन-बटणं घसरगुंडीला ओरखडे पाडतात. पोशाख भाड्यानं मिळतात, पण चार वर्षांच्या मुलीच्या मापाचा मिळेलच या भरवशावर राहायचं नाही. मोठ्यांसाठी मात्र हा भरवसा चालतो. टर्किश टॉवेल पाच नेले तर ओले झाल्यावर उचलवत नाहीत. त्यांच्या जागी पंचे न्यावेत, पिळून झटकले की तासाभरात अंगाला लावण्याजोगे होतात. चपला मागून पट्टा असलेल्या. बूट नवे नकोत, निदान पंधरा दिवस वापरलेले हवेत, आणि मोज्यांचे प्रत्येकी दोन जोड. पाय ओले राहिले की टाचेला फोड येतो आणि चालणं तिथंच संपतं. म्हणून मायक्रोपोर टेपची एक गुंडाळी, फोड येण्याआधी, टाच लाल झाली की लगेच लावायला.

मंगळसूत्राचा विषय त्यांनी सासूबाईंसमोर काढायचा टाळला होता. लांब मंगळसूत्र, ओढणी, पदर हे वेगातल्या राइडवर अडकतात आणि ते काढायला किंवा नीट खोचायला सांगितलं जातं. ते घातलं तर दिवसभर हात गळ्याशी, आणि काढलं तर सासूबाई काय म्हणतील ही धास्ती. यादीत त्यासाठी एक डबी, डबीसाठी कुलपाची पर्स आणि पर्ससाठी आणखी एक पिशवी होती. सासूबाई म्हणाल्या, "घरी ठेव. तिथं हरवलं तर सगळा दिवस तेच शोधत बसशील." एका वाक्यात तीन वस्तू खोडल्या गेल्या. ४७ पैकी कितीतरी वस्तू अशाच होत्या, न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून भरलेल्या.

सासूबाईंच्या औषधांचा भाग मात्र खरा होता आणि तिथं काटकसर केली नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतल्यावर जेवण लांबलं की साखर खाली जाऊ शकते, आणि रांगेत जेवण लांबतंच. घाम, थरथर, चिडचिड दिसली की ग्लुकोमीटरवर बघायचं. ७० च्या खाली असेल तर तीन लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्यायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. लाडू-बिस्किटं यासाठी नकोत, त्यांतल्या तुपामुळे साखर सावकाश चढते. ती नंतर खायला. ग्लुकोजच्या पुड्या आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो त्यांच्याच पर्समध्ये. गोळ्या दोन दिवसांच्या, वर एका दिवसाच्या जादा. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या उन्हात उभ्या गाडीत ठेवल्या तर खराब होतात. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून औषधासाठी लागणारा खाऊ चालेल का ते आधी फोन करून विचारायचं. तो फोन नवऱ्यानं करायचा.

खाण्याचं बाकी सामान मग फक्त प्रवासापुरतं उरलं: बारा दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, भडंग. लिटरभराचं ओआरएसचं पाकीट छोट्या बाटलीत अंदाजानं घालतात आणि प्रमाण चुकतं. त्यापेक्षा २०० मिलिलिटरच्या सहा पुड्या. सनस्क्रीन एसपीएफ ३० च्या वरचं, उन्हात जाण्याच्या १५-२० मिनिटं आधी आणि नंतर दर दोन तासांनी, पाण्यातून आल्यावर परत. चौघा-पाचजणांना दोन दिवसांत ५० मिलिलिटरची ट्यूब पुरत नाही.

हे झाल्यावर वाटणी. 'मदत कर' असं नवऱ्याला सांगून काही होत नाही, कारण मदतनीस विचारत राहतो आणि लक्षात ठेवणारी तीच राहते. म्हणून वस्तू नाही, विषय वाटला. तिकिटं, ओळखपत्रं, गाडी, चार्जर, पंचे आणि मुलगा त्याच्याकडे. मुलगी, कपडे आणि घाटाची पिशवी तिच्याकडे. औषधं आणि साखर सासूबाईंकडे. मुलाची सॅक मुलाची. त्याची उंची घरीच भिंतीशी मोजून राइडच्या मर्यादांशी ताडून बघायची हेही वडिलांचं काम, कारण रांगेच्या टोकाला परत फिरवलेलं मूल पुढचा तासभर कुणालाच सुखानं फिरू देत नाही. ज्याचा विषय, त्याचं विसरणंही त्याचंच. आणि एक अट सगळ्यांना: काही राहिलं तर 'कुणी घ्यायचं होतं' हा प्रश्न प्रवासात विचारायचा नाही, 'आता काय करायचं' एवढाच विचारायचा. ही अट नवऱ्याला सोपी वाटली, तिला अवघड गेली. दुसऱ्याच्या विषयात डोकावून गुपचूप एक जादा टोपी टाकायची सवय दहा वर्षांची होती.

पुन्हा पुन्हा बॅग उघडण्याचं काय? उघडून बघितलं की पाच मिनिटं बरं वाटतं आणि मग 'नीट बघितलं का' ही शंका आधीपेक्षा जोरात येते. म्हणून आदल्या संध्याकाळी सगळं पलंगावर मांडून एक फोटो, मग बॅग भरायची, नऊ वाजता चेन बंद. शंका आली तर बॅग उघडायची नाही, फोटो एकदाच बघायचा. एकदाच, कारण तोच फोटो दहा वेळा बघितला तर ती नवी चेन झाली. इथं एक फरक लक्षात ठेवायला हवा. तपासणं फक्त प्रवासापुरतं असेल तर ही युक्ती पुरते. पण गॅस, कुलूप, नळ यांचंही असंच चालत असेल आणि त्यात रोज तासभर जात असेल, तर तो बॅगेचा विषय राहत नाही, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. सुरुवात कुठून करायची ते कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

परत आल्यावर ते सगळे भेटले. यादी ६१ वर आली होती. ती आणखी कमी होऊ शकली असती, पण टॉर्च एक राहिलाच. घाटाची पिशवी लागली, परतताना. मुलगा दुसऱ्या दिवसाचे मोजे विसरला आणि ओल्या मोज्यांनी फिरला. त्याला कुणी बोललं नाही, टेप लावली. सासूबाईंनी दोन शो बघितले. पंचे मात्र नवऱ्याकडून घरीच दोरीवर राहिले. तिथं टॉवेल विकत घ्यावे लागले, महाग आणि टर्किशच. त्या क्षणी जिभेवर आलेलं वाक्य आपण कसं गिळलं हे सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं. निघायच्या आदल्या रात्री दोन वाजता उठून औषधांचा डबा एकदा उघडल्याचंही त्यांनी सांगून टाकलं. तो डबा सासूबाईंचा होता, आणि सासूबाई जाग्या होत्या. "सगळं आहे गं, झोप," एवढंच म्हणाल्या.

पुढचा प्रवास नोव्हेंबरात, एका लग्नासाठी. त्यांनी यादी अजून केलेली नाही. नवऱ्यानं त्याची केली आहे, आणि पहिल्या ओळीत पंचे आहेत.