माझ्याकडे मराठवाड्यातल्या जमिनीचा १३५७ फसलीचा (फसली म्हणजे पिकाच्या हंगामावर बेतलेलं साऱ्याचं वर्ष) कागद आहे. जुन्या कागदावरच्या फसली, शके, हिजरी सनांचा इसवी सनाशी मेळ कसा घालायचा? इतिहासाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला नकाशा आणि साधनांतलं काय पक्कं असावं?

तुमच्याकडच्या जमिनीच्या कागदावरचा १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते सप्टेंबर १९४८. हैदराबाद संस्थानातलं शेवटच्या काळातलं फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्यापासून धरलं जाई. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदीला ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढच्या नोंदीला ५९१. १७ सप्टेंबर १९४८, म्हणजे मराठवाडा मुक्तीचा दिवस, अजून १३५७ फसलीतच पडतो. उत्तरेकडचा फसली वेगळा आहे, त्याला ५९२-५९३ मिळवतात. मराठवाड्याच्या कागदाला तो आकडा लावला की थेट दोन वर्षांची चूक होते.

हिजरी आणि फसली एकच समजण्याची गफलत तर फारच होते. १६३६ च्या सुमारास दख्खनी फसली सुरू झाला तेव्हा दोन्हींचा आकडा १०४६ हाच होता. पण हिजरी वर्ष चांद्र, ३५४-३५५ दिवसांचं, आणि शेतसारा पिकावर घ्यायचा तर ऋतू जागचे हलून चालत नाही. त्यामुळे फसली सौर ठेवला आणि दोघांत अंतर पडत गेलं. ऑक्टोबर १९४७ मध्ये फसली १३५७ होता, तर हिजरी १३६६. हिजरीसाठी एकच आकडा मिळवून भागत नाही: हिजरी वर्षाला ०.९७०२ ने गुणा आणि ६२१.६ मिळवा. येतो तो त्या वर्षाचा साधारण आरंभ. नेमका दिवस मात्र जंत्रीतच (वेगवेगळ्या सनांच्या तारखा जुळवून देणाऱ्या कोष्टकात) पाहावा.

शक वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला बदलतं, १ जानेवारीला नाही. म्हणून चैत्रापासून डिसेंबर अखेरपर्यंत ७८, जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९. आपल्याच भागातल्या दोन लढाया घ्या. राक्षसभुवन, १० ऑगस्ट १७६३, शके १६८५: इथे ७८. उदगीर, ३ फेब्रुवारी १७६०, शके १६८१: इथे ७९. पौष महिना दोन इसवी सनांत विभागला जाऊ शकतो, तिथे तिथी पाहिल्याशिवाय साल लिहू नका.

मराठी कागदांत शुहूर सन (मृगापासून मोजलेला आणखी एक सन) अरबी आकड्यांच्या नावांनी अक्षरी येतो, एकम आधी. 'अर्बा सितैन मया व अलफ' म्हणजे ४ + ६० + १०० + १०००, एकूण ११६४. हे वर्ष मृग नक्षत्राच्या सुमारास सुरू होतं. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, पुढे मृगापर्यंत ६००. म्हणजे ११६४ चा ऑगस्ट १७६३ चा, राक्षसभुवनाचाच.

कागदावर शक, शुहूर आणि वार तिन्ही असतील तर तिन्ही स्वतंत्रपणे जुळवून बघा. इनाम-वतनाच्या भांडणांसाठी बनावट कागद तयार होत, आणि ते पुष्कळदा इथेच उघडे पडतात. अर्थात एक दिवसाचा फरक तिथीच्या गणनेतूनही येतो, तेवढ्यावरून कागद खोटा म्हणू नये.

शिवकाळातल्या तारखेपुढे जुलियन (जुनी युरोपीय कालगणना) की ग्रेगोरियन (आज वापरतो ती) हे लिहायलाच हवं. राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ हा जुलियन दिवस आहे, ग्रेगोरियन पद्धतीने तो १६ जून. कोणती पद्धत ते न लिहिता दोन पुस्तकांतल्या तारखा शेजारी मांडल्या की नसलेला वाद उभा राहतो.

साधनांबद्दल थोडक्यात: प्राथमिक म्हणजे त्याच काळातलं, दुय्यम म्हणजे त्यावरून नंतर लिहिलेलं. साधन जुनं आहे एवढ्याने ते प्राथमिक ठरत नाही. घटनेनंतर दोन पिढ्यांनी लिहिलेली बखर त्या घटनेसाठी समकालीन पुरावा नव्हे, पण लिहिणाऱ्याच्या काळात लोक त्या घटनेकडे कसं पाहत होते, याचं ती उत्तम साधन आहे. ताम्रपट, शिलालेख आणि नाणी वापरताना ती कुठे सापडली तेही नोंदवा. नाणी प्रवास करतात. पैठणला एखाद्या राजाचं नाणं मिळालं म्हणून पैठण त्याच्या राज्यात होतं असं ठरत नाही.

नकाशात सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आजच्या सीमा मागच्या काळावर चढवणं. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हा जिल्हे पाचच होते. जालना १९८१, लातूर १९८२, हिंगोली १९९९. उदगीर, अहमदपूर, निलंगा तर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात. म्हणून नकाशाच्या शीर्षकात साल लिहा, आणि त्या सालचीच गावांची नावं वापरा. प्रमाण मात्र अंकात लिहून थांबू नका. १:५०,००० च्या नकाशावर २ सेंमी म्हणजे १ किमी, पण झेरॉक्स लहानमोठी झाली किंवा मोबाइलवर चित्र ताणलं की हा हिशोब मोडतो. खाली काढलेली प्रमाणाची पट्टी नकाशाबरोबरच लहानमोठी होते, म्हणून अंतर तिच्यावरूनच मोजा.